दोन इंच कापड

"विश्वाला दहा मिती?" कुंदाताईंनी शिलाई मशीनचं चाक हातानं थांबवलं. "तीस वर्षं ब्लाउज शिवतेय मी. लांबी, रुंदी, उंची सोडून चौथीकडे गेलेलं गिऱ्हाईक अजून बघितलं नाही."

"बाकीच्या इतक्या बारीक गुंडाळलेल्या असतात आई, की दिसत नाहीत."

"दिसत नाहीत, मोजता येत नाहीत, आणि तू आठ वर्षं त्यांच्या मागे! कुणीतरी बनवतंय तुम्हाला."

एरवी तेजश्री तावातावानं भांडली असती. आज नुसती म्हणाली, "खरंय तुझं. सोडूनच देणार आहे मी ते संशोधन." आणि कॉलेजातला जुना निळा ब्लाउज तिनं पुढे केला. "हा सैल होईल का गं? उद्या लग्नाला घालायचाय."

लेकीचा असा विझलेला आवाज कुंदाताईंनी कधी ऐकला नव्हता. त्यांनी ब्लेडनं एका बाजूची शिवण उसवली. आत दुमडून ठेवलेलं दोन इंच कापड उलगडलं. बाहेरचा रंग थोडा विटला होता, पण ही पट्टी दुकानातून आणल्यासारखी निळीशार होती.

"बारा वर्षं अंगावर होतं तुझ्या. दिसलं कधी?"

तेजश्री त्या पट्टीवरून बोट फिरवत राहिली.

"तुझं ते गुंडाळलेलं मला अजून काडीचंही पटलेलं नाही हं," म्हणत कुंदाताईंनी ब्लेड तिच्या हातात दिलं. "पण दुसरी बाजू तू उसव. घाई करू नकोस. धागा सापडायला वेळ लागतो."