थंडीची झोप

"मेला नाहीये गं, झोपलाय. थंडीत झोपतात सरडे. जरा वाचत जा," मोबाइलमधून मान वर न काढता दादा म्हणाला.

आता हे जुईलीला कोण शिकवतंय, तर हा दीडशहाणा! महिनाभर ती इंटर्नशिपला नाशिकला, आणि तिचा दाढीवाला सरडा, भाऊसाहेब, याच्या भरवशावर. तिनं काचपेटीतून भाऊसाहेबांना उचललं तर शेपटीच्या बुडाशी नुसती हाडं, डोळे खोल गेलेले. झोपलेला सरडा असा वाळतो होय?

मग तिला दिसलं. उबेच्या दिव्याचा प्लग खाली लोंबत होता आणि त्याच्या जागी दादाचा चार्जर.

"काय फरक पडतो? झोपलाच तर होता," दादा म्हणाला.

 तिनं भाऊसाहेबांना शालीत गुंडाळलं आणि दादाला गाडी काढायला लावली. डॉक्टर म्हणाले, गारठून खाणं सुटलंय, पण वाचेल.

बाहेर आल्यावर दादा खिसे चाचपायला लागला. "चार्जर आणलायस का गं? फोन मेला माझा."

"मेला नाहीये रे," शाल नीट करत जुईली म्हणाली. "झोपलाय. थंडीत झोपतात. जरा वाचत जा."