दातेरी सांधा

"साहेब, अस्सल पेशवाईतला तांब्याचा हंडा आहे," जुन्या बाजारातला दुकानदार म्हणाला. बदल्यात त्याला आईच्या माहेरचा काळवंडलेला हंडा हवा होता. बाबा तयारच होते. आई आपल्या हंड्यावर हात ठेवून उभी होती.

मी दोन्ही हंडे खटाखट पालथे घातले. "काका, तुमचा यंत्रावर दाबून काढलाय, त्याला सांधाच नाही! आमच्या हंड्यावर हातोडीचे ठोके बघा, हा दातात दात अडकवून हाताने जोडलेला दातेरी सांधा बघा. जुना आमचाच!"

"मध्ये तोंड घालू नकोस," बाबा गुरगुरले.

"तोंड कुठे घातलं? हंडे पालथे घातले!"

दुकानदार ओशाळून हसला. "बरं, मग तुमचाच विकत देता?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आईला विचारलं, "देतेस?"

"मुळीच नाही," म्हणत आईने हंडा कमरेवर घेतला आणि आमची वाट न बघता ती चालू लागली.