घाईचं गिऱ्हाईक

तिसऱ्या गिऱ्हाईकानंही फोन आदळला. त्याआधी सात-आठ मिनिटं तो माणूस एकच वाक्य फिरवून फिरवून म्हणत होता, "चुना लावलात मला." विक्रेत्यानं ऐकून घेतलं. ऐकून घेण्यासाठीच कंपनीनं त्याला बसवलं होतं.

सकाळीच वरून हुकूम आला होता. विजेवर चालणाऱ्या पिकअपची किंमत आजपासून एक पंचमांशानं कमी. लोक ती बघायला यायचे, चाकाला लाथ मारून बघायचे, फोटो काढायचे आणि डिझेलची घेऊन जायचे. वर्षभरात या शोरूममधून चार विकल्या गेल्या होत्या. आता त्या चौघांना फोन करून सांगायचं होतं, की तुम्ही जास्त मोजलेत, त्याबद्दल वर्षभराचं चार्जिंग आमच्याकडून फुकट.

शोरूममध्ये तो एकटाच होता. बाकीच्यांना कंपनीनं रस्त्यापलीकडच्या छोट्या गाड्यांच्या दुकानात हलवलं होतं. तिथे निदान माणसं फिरकायची. इथे काचेआड पाच पिकअप उभ्या होत्या, पूर्ण चार्ज केलेल्या, आणि त्यांच्या मधोमध त्याचं टेबल. डबाही तो तिथेच खायचा. या आठवड्यात त्याच्याशी सगळ्यात जास्त कोण बोललं असेल, तर हे ओरडणारे तिघे.

यादीत चौथा सुतार होता. तो फोन उचलेना.

तो विक्रेत्याला चांगला आठवत होता. पाच महिन्यांपूर्वी बायकोला घेऊन आला होता. साठीचा माणूस, कानामागे पेन्सिल, बाहीवर लाकडाचा भुसा. बायको पॉलिशचं काम करायची. लोकांच्या घरी दारं-कपाटं बसवायला दोघं जोडीनं जायची. त्या दिवशी ती मात्र गाड्या बघत फिरली नाही, दाराजवळच्या खुर्चीत बसून राहिली. का कोण जाणे, विक्रेत्याला त्यांची दया आली. स्वतःच्याच पोटावर पाय देऊन त्यानं खरं ते सांगून टाकलं.

"काका, सहा महिने थांबा. ही गाडी कोणी घेत नाहीये. किंमत उतरणार म्हणजे उतरणारच."

"थांबायला जमणार नाही," सुतार म्हणाला. त्यानं घासाघीससुद्धा केली नाही. दोघं गेल्यावर विक्रेता बाकीच्यांना म्हणाला होता, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." सगळे हसले होते. तेव्हा हसायला माणसं होती.

दुपारी सुतार स्वतःच दारात उभा राहिला. विक्रेता खुर्चीतून उठला. बोलणी खायची तयारी त्यानं ठेवली होती.

"काका, सकाळपासून फोन करतोय. किंमत उतरली. मी तेव्हा म्हणालो होतो..."

"म्हणाला होतास." सुतार समोर बसला. "मी त्यासाठी नाही आलो. गाडी परत द्यायचीय."

"परत नाही घेता येत हो. वापरलेली म्हणून विकावी लागेल. आणि नवीचीच किंमत पडल्यावर जुनीला कोण विचारतो? निम्मेसुद्धा हातात पडायचे नाहीत. गाडीत काही दोष निघाला का?"

"गाडीत काही दोष नाही."

"मग काकूंना विचारलंत का? त्या काय म्हणतात?"

सुतारानं दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवली. "ती गेली. महिना झाला."

विक्रेत्यानं पाणी आणून समोर ठेवलं. सुतार सगळं पाणी प्यायला, ग्लास टेबलाच्या कडेपासून आत सरकवला, आणि मग सांगू लागला. गाडी घ्यायच्या आधीच डॉक्टर म्हणाले होते, चार महिने, फार तर पाच. तिला घरात पडून राहायचं नव्हतं. कामावर यायचं होतं. पण डिझेलच्या वासानं तिला मळमळायचं आणि इंजिनाच्या हादऱ्यांनी हाडं ठणकायची. चौकापर्यंत जाऊन परत फिरावं लागायचं.

"हिच्यात बसून ती रोज आली," तो म्हणाला. "शेवटचे आठ दिवस सोडले तर रोज. मी आत दार बसवायचो, ती गाडीत बसून बिजागऱ्या पुसून द्यायची. आणि येताजाता बोलायची. तीस वर्षं डिझेलच्या गाडीत शेजारी शेजारी बसलो आम्ही, पण त्या खडखडाटात ओरडावं लागायचं. म्हणून कामापुरतंच बोललो. डावीकडे वळा, किल्ली घेतली का, एवढंच. हिच्यात अगदी हळू बोललेलं ऐकू यायचं. चार महिन्यांत काय काय सांगितलं तिनं. मला ठाऊकच नव्हतं."

फुकट चार्जिंगचा कागद टेबलावर तयार होता. विक्रेत्यानं तो हळूच खणात सरकवला.

"मग आता कुठली गाडी बघू तुमच्यासाठी?"

"डिझेलची. जुनी चालेल."

मागच्या आवारात एक होती. पत्रा गंजलेला, कितीतरी महिने पडून असलेली. विक्रेता त्याला तिकडे घेऊन गेला आणि किल्ली फिरवली. गाडी दोनदा खोकली, मग तिनं असा धडधडाट सुरू केला, की कुंपणावरचे कावळे उडाले. बॉनेट थरथरू लागलं. विक्रेता काहीतरी सांगत होता, ते त्याचं त्यालाच ऐकू येईना. त्यानं घाईघाईनं गाडी बंद केली आणि ओशाळून खाली उतरला.

"सायलेन्सर फाटलाय, काका. दोन दिवस द्या, नवा बसवून देतो. माझ्याकडून."

सुतार चढून त्याच्या जागी बसला. दार ओढून घेतलं आणि किल्लीवर हात ठेवला.

"नको," तो म्हणाला. "वाजू दे."