पिवळ्या रेषेच्या आत

मंगळवार, अकरा फेब्रुवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. तंत्रविद्यालयाच्या कार्यशाळेत धातू कातणाऱ्या लेथ यंत्रांच्या रांगेसमोर एकोणीस मुलगे उभे होते. विसावी होती एक मुलगी; तिला फरशीवरच्या पिवळ्या रेषेबाहेर खुर्चीवर बसवले होते. रेषेच्या आत यंत्रे होती आणि तिला तेथे मनाई होती. पूर्वी आलेल्या एका तापात तिच्या कानांतली तोल कळवणारी यंत्रणा कायमची निकामी झाली होती.

सरांनी टेबलावर दोन चाकांचे यंत्र उभे केले. हातभर उंच, डोके जड. ते पुढे कलले की चाके पुढे धावत आणि त्याला सरळ करत.

"तिपाई नुसती ठेवली तरी उभी राहते. तिला काही कळावं लागत नाही," सर म्हणाले. "याला मात्र आपण किती कललो हे क्षणोक्षणी कळावं लागतं. ते हा सेन्सर कळवतो."

त्यांनी एक वायर उपटली. यंत्र तोंडावर आपटले.

सर खुर्चीकडे वळले. "आता पटलं, तुला आत का घेत नाही? फिरत्या लेथवर तोल गेला तर?"

ती उठली. "सर, तुमच्या यंत्राची एक वायर काढली की ते आडवं होतं. माझी तापाने काढून नेली, तरी मी रोज दोन जिने चढून येते."

मुलगे हसले. सर हसले नाहीत. "एका पायापुढे दुसरा ठेव. टाचेला बोटं लाव. आता डोळे मीट."

तिने डोळे मिटले. दुसऱ्याच सेकंदाला ती कलंडली. वर्गातल्या सर्वांत उंच मुलाने, ज्याला सगळे मनोरा म्हणत, तिला दंडाला धरून सावरले.

"झालं समाधान? बस खाली," सर म्हणाले.

"नाही बसणार." तिने दंड सोडवून घेतला. "कानांतला तोल गेला. डोळे आहेत, तळपाय आहेत. त्यातलंही एक तुम्ही काढून घेतलंत आणि मग मला पाडून दाखवलंत. डोळे मिटून लेथ कोण चालवतं इथे?"

"मनोरा," मागून कोणीतरी म्हणाले.

"तू गप रे," मनोरा म्हणाला.

"आणि दिवे गेले तर?" सरांनी विचारले.

"वीज गेली की लेथही थांबतो, सर. मी बाक धरून उभी राहीन."

तिने केस घट्ट बांधले, संरक्षक चष्मा चढवला आणि रेषा ओलांडली. परवानगी तिने मागितली नाही. सरांचा हात मुख्य स्विचकडे गेला, तिथेच थांबला. मग त्यांनी लेथवरचा दिवा लावला, तो खाली वळवला आणि स्वतः यंत्र तत्काळ थांबवणाऱ्या लाल बटणापाशी उभे राहिले.

"ही सळई कातून पंचवीस मिलिमीटर व्यासाची कर. पाच शतांश मिलिमीटर कमीजास्त चालेल."

"मला वेगळी सूट नको."

"ती सगळ्यांनाच आहे. सुरू कर."

अर्ध्या तासाने तिने लेथ बंद केला. सळईचे माप सरांनी स्वतः घेतले, दोनदा.

२४.९८ मिलिमीटर.