सरळ टाके

वनमालाआत्या ब्राह्मणपारा या आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांच्या साड्यांना हाताने फॉल लावते. हल्ली तिचे टाके वाकडे पडत होते. गिऱ्हाइकांनी तिला बोलू नये म्हणून, दुपारी ती झोपली की मी रिपरने तिचे टाके उसवायचे आणि त्याच रंगाच्या दोऱ्याने नवे घालायचे. तिला फसवतेय हे टोचायचं, पण महिनाभर तिच्या काही लक्षात आलं नाही.

आज तिला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जायचं होतं. दारात ऑटो उभा, आणि आत्या जागची हलेना.

"आत्या, चल न. डॉक्टर वाट पाहून राहिले."

तिने परवा फॉल लावलेली साडी माझ्यापुढे पसरली.

"काहून जाऊ? तूच पाह्य न बाई, एक तरी टाका वाकडा आहे का? माहे डोळे आपोआप सुधरून राहिले!"