आतली फांदी

"सोड तो दोरा, आई. गाडी आलीच."

निमिष झाडाचा बुंधा धरून फुटपाथच्या कडेला उभा होता, दुसऱ्या हातात स्वयंपाकघरातली कात्री. सकाळचे आठ, हॅलिफॅक्समधला जानेवारी, उणे चौदा. नाताळची झाडं न्यायचा हा शेवटचा दिवस. गाडी चार घरं पलीकडे थांबली होती. या झाडांचं पुढे खत करतात, म्हणून नगरपालिकेच्या पत्रकात ठळक लिहिलं होतं: तार नको, चमकी नको, दोरा नको. काही दिसलं तर झाड तिथंच टाकून जातात.

दिवे, गोळे, चांदणी, सगळं त्यानं आदल्या दिवशी काढलं होतं. राहिला होता तो आत, बुंध्यापाशी एका फांदीला बांधलेला लाल-पिवळा दोरा. तो बांधणाऱ्या अरुणाताई सुनेचे, गुंजनचे, स्नोबूट घालून समोर उभ्या.

"गुंजन घरी आल्याशिवाय सुटायचा नाही तो," त्या म्हणाल्या. "नवसाचा आहे."

"ख्रिसमस ट्रीला नवसाचा दोरा?"

"मग कुठं बांधू? इथं वड आहे का पिंपळ? घरात उभं होतं ते एवढंच झाड. आणि तिनंच हौसेनं आणलेलं."

गुंजनला सातवा लागला होता आणि बारा दिवस ती हॉस्पिटलात पडून होती. रक्त जायचं थांबत नव्हतं. अजून वाट बघायची की बाळ आजच बाहेर काढायचं, हे डॉक्टर सकाळी कळवणार होते. निमिष सारखा खिशातला फोन चाचपत होता.

वाऱ्यानं त्याच्या जॅकेटचं हूड मागं पडलं. त्यानं ओढून घेतलं, ते परत पडलं.

"त्याची दोरी कुठं गेली रे? कान बघ कसे लाल झालेत."

"आई, प्लीज. आत्ता ते नको."

गाडी एक घर पुढं सरकली.

"आठ दिवस राहू दे की झाड घरात," अरुणाताई म्हणाल्या.

"वाळून खडखडीत झालंय ते. एक ठिणगी पुरेल. घरमालकाचे दोन मेसेज येऊन गेले. तू सोडतेस का मी कापू?"

"काप. तुझ्याच हातानं काप."

त्यानं कात्री फांद्यांत घातली. वाळलेल्या पानांच्या सुया झरझर गळल्या. अरुणाताईंनी डोळे मिटून घेतले. पोटच्या पोराचा इतका राग त्यांना कधी आला नव्हता.

पण कात्रीचा आवाज काही झाला नाही. त्यांनी डोळे उघडले तर निमिष घरात पळत होता. आला तो पाव कापायची सुरी घेऊन. गुडघ्यावर बसून त्यानं ती अख्खी फांदीच बुंध्यापासून कापली, बोटं खरचटून घेतली आणि त्यांच्याकडे न बघता फांदी त्यांच्या हातात कोंबली.

"धर."

गाडी समोर येऊन थांबली. माणूस उतरला. "ऑल क्लीन?"

"ऑल क्लीन," निमिष म्हणाला.

त्यानं झाड दोन्ही हातांनी उचलून आत फेकलं. गाडी गेली.

अरुणाताईंचा राग उतरला होता. आईचा शब्द राखला म्हणायचा पोरानं. दोरा नीट आहे ना, हे बघायला त्यांनी सुया बाजूला केल्या. त्यांच्या गाठीला लागून आणखी एक गाठ होती. जाड, निळी, टोकांना प्लास्टिक लावलेल्या दोरीची.

त्यांनी वर पाहिलं. निमिषचं निळं हूड पाठीवर लोंबत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. त्यानं तो खिशातून काढला, पण नुसता बघत राहिला.

"उचल," अरुणाताई म्हणाल्या. "फांदी मी धरलीये."