जोडलेले पेडल

"मोटार नाही ही, बये! जमिनीवर विमान पायांनी वळतं." शिकवताना बाबा रोज खेकसायचे. वळणावर तिचे हात हमखास स्टिअरिंगकडे जायचे. मग शेजारच्या सीटवरून, आपल्या बाजूच्या पेडलांनी बाबाच विमान वळवून घ्यायचे आणि हँगरमध्ये चारचौघांत तिची नक्कल करायचे.

आज ते खाली उतरले. "जा एकटी, धावपट्टीपर्यंत. जमिनीवरची पिवळी रेषा सोडलीस, तर पुन्हा माझ्या विमानाला हात लावायचा नाही."

ती निघाली. उन्हात पिवळी रेषा सुटलेल्या रिबिनीसारखी लांबवर पसरली होती. रिकाम्या सीटपुढचे पेडल तिच्या पेडलांबरोबर हलत होते. त्यात नवल नव्हतं, दोन्ही जोड्या आतून जोडलेल्याच असतात.

वळण आलं आणि घात झाला. हात स्टिअरिंगवर गेले, पाय थिजले. विमान मात्र अलगद वळलं, रेषेवरून तसूभरही न ढळता.

तिने दोन्ही पाय उचलून पोटाशी घेतले. पेडल हलतच राहिले, डावा, उजवा, डावा, पाळणा झुलवावा तसे.

दूर हँगरच्या दारात बाबा पाठमोरे उभे होते, कुणाशी तरी हसत.

"वा, पोरी!" रेडिओवर टॉवरमधले काका म्हणाले. "अगदी बापासारखं चालवतेस की!"

"काका, मी नाही चालवत..."

"पुरे तो विनय. धावपट्टीच्या आधी थांब, विमान उतरतंय."

ब्रेकही त्याच पेडलांवर; तिने घाईघाईने पाय खाली सोडले.

तिच्या पेडलांवर आधीच कुणाचे तरी पाय होते.